एकाच नावाचे दोन बाळू पाटील

आमच्या गावात दोन बाळू पाटील आहेत. एक वरच्या गल्लीतला, दुसरा खालच्या गल्लीतला. जुन्या पोस्टमनला दोघंही माहीत होते, त्यामुळे कधी घोटाळा झाला नाही. मग नवा पोस्टमन आला. तो रस्त्याच्या टोकापासून पत्रं वाटत निघायचा आणि 'बाळू पाटील' नावाचं पहिलं घर लागलं की तिथं पत्र टाकून पुढं जायचा. खालच्या बाळूच्या मुलाचं नोकरीच्या मुलाखतीचं पत्र वरच्या बाळूच्या कोनाड्यात पंधरा दिवस पडून राहिलं. पोस्टमनची चूक म्हणावी, तर पत्रावरचं नाव आणि घरावरचं नाव तंतोतंत जुळत होतं.

ही गोष्ट सांगायचं कारण असं, की संगणकाच्या पोटातही असाच एक पोस्टमन असतो. त्यानं चुकीच्या घरात टाकलेल्या एका पत्रामुळे काही वर्षांपूर्वी माझ्या दोन रात्री गेल्या आणि हजारो घरांत दिवाळीचे पैसे एक दिवस उशिरा पोचले.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. २०२२ सालच्या दिवाळीआधी आमच्याकडे एका दूध संघाच्या हिशेबाचं काम होतं. दूध घालणाऱ्यांना दर दहा दिवसांनी बिल मिळतं, हे ग्रामीण भागातल्या वाचकांना सांगायला नको. पण दिवाळीच्या तोंडावर 'दर फरक' म्हणून जी रक्कम हातात पडते, तिची वाट सगळं घर पाहत असतं. तो फरक काढायचा तर वर्षभरात प्रत्येकानं सकाळ-संध्याकाळ किती लिटर दूध घातलं, त्याला फॅट किती लागली, एसएनएफ किती, या सगळ्या नोंदी तपासाव्या लागतात. तीन लाख उत्पादक धरले, तर दिवसाच्या सहा लाख आणि वर्षाच्या जवळजवळ बावीस कोटी नोंदी होतात.

एवढा हिशेब एका संगणकावर बसवण्यापेक्षा तो अनेक संगणकांत वाटून देणं सोयीचं. अशा एकत्र काम करणाऱ्या संगणकांच्या समूहाला क्लस्टर म्हणतात. काम कसं वाटायचं, उत्तरं कशी गोळा करायची आणि मध्येच एखादं यंत्र बंद पडलं तर काय करायचं, हे सांभाळणारी तयार सॉफ्टवेअर असतात. 'हडूप' हे त्यातलं एक. ते २००६ साली स्वतंत्र प्रकल्प म्हणून सुरू झालं आणि त्याच्या कर्त्यानं, डग कटिंग यांनी, आपल्या मुलाच्या खेळण्यातल्या हत्तीचं नाव त्याला दिलं. 'स्पार्क' हे दुसरं. ते २००९ साली अमेरिकेत बर्कली इथल्या विद्यापीठात जन्मलं. आमचा हिशेब स्पार्कवर चालायचा.

आता लायब्ररी म्हणजे काय ते पाहू. इथं पुस्तकांचा संबंध नाही. आपण पुरणपोळी करायला घेतो तेव्हा गूळ घरी तयार करत नाही, जायफळाचं झाड लावत नाही. तयार वस्तू आणतो आणि पुढचं काम करतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचंही तसंच आहे. तारीख वाचणं, यादी लावणं, फाइल साठवणं ही कामं कुणीतरी आधीच नीट लिहून ठेवलेली असतात. त्या तयार कामांच्या गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. जावा भाषेत हा गठ्ठा 'जार' नावाच्या फाइलमध्ये बांधलेला असतो. गंमत अशी, की तुम्ही आणलेली लायब्ररी स्वतःही दुसऱ्या लायब्रऱ्यांवर अवलंबून असते, त्या आणखी तिसऱ्यांवर. आमच्या कार्यक्रमात आम्ही हातानं मागवलेल्या लायब्रऱ्या होत्या चौदा. त्यांच्या मागोमाग वऱ्हाडासारख्या आलेल्या मोजल्या तेव्हा आकडा दोनशेच्या पुढं गेला.

या प्रत्येक लायब्ररीला आवृत्तीचा क्रमांक असतो. साधारण तीन आकडे असतात, जसं २.१५.०. शेवटचा आकडा बदलला तर किरकोळ दुरुस्ती, मधला बदलला तर नवी सोय, आणि पहिला बदलला तर जुनं काही मोडू शकतं, असा संकेत आहे. पण तो संकेतच. कायदा नव्हे.

आता अडचण कुठं येते ते पाहा. तुमचा कार्यक्रम 'अ' आणि 'ब' अशा दोन लायब्रऱ्या वापरतो. दोघींनाही 'क' हवी असते. पण 'अ'ला जुनी 'क' आणि 'ब'ला नवी. दोन्ही 'क'मधल्या वस्तूंची नावं मात्र एकच आहेत. जावा आपल्या जार फाइली ठरलेल्या क्रमानं धुंडाळते आणि मागितलेल्या नावाची पहिली वस्तू सापडली की तिथं थांबते. पुढं त्याच नावाची दुसरी, अधिक योग्य वस्तू असेल, याची चौकशी ती करत नाही. म्हणजे आमचा नवा पोस्टमनच.

दर फरकाची याद्या काढायची तारीख ठरलेली होती. तिच्या आदल्याच आठवड्यात मी एक निर्णय घेतला. निकाल जिथं साठवायचा त्या ठिकाणाशी बोलणारी लायब्ररी जुनी झाली होती, तिची नवी आवृत्ती बसवायला मी परवानगी दिली. माझ्या हाताखालच्या मुलानं ती बसवली, स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून पाहिली. उत्तम चालली. मग आम्ही खरा हिशेब क्लस्टरवर सोडला. तीन तास तो सुरळीत चालला आणि अगदी शेवटी, निकाल लिहायच्या वेळी, बंद पडला. पडद्यावर संदेश होता, 'नो सच मेथड एरर'. म्हणजे, मागितलेली मेथडच अस्तित्वात नाही.

"मॅडम, नाही कशी? मी स्वतः जार उघडून पाहिली. आहे ती आत!" तो मुलगा काकुळतीला येऊन म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. आणि यंत्रही खोटं बोलत नव्हतं.

झालं होतं ते असं. गूगलची 'ग्वावा' नावाची एक लायब्ररी आहे. अतिशय उपयुक्त, आणि म्हणूनच जावाच्या जगात जिथंतिथं सापडणारी. स्पार्कच्या तिसऱ्या पिढीच्या आवृत्त्यांसोबत ग्वावाची १४.०.१ ही आवृत्ती यायची, म्हणजे २०१३ सालची. आम्ही बसवलेल्या नव्या लायब्ररीला मात्र पुष्कळ पुढची ग्वावा हवी होती. त्या मुलानं ती आमच्या जारमध्ये नीट बांधूनही दिली होती. असा सगळं सामान सोबत घेतलेल्या जारला आमच्या धंद्यात 'फॅट जार' म्हणतात. दुधातल्या फॅटशी त्याचा काही संबंध नाही. पण क्लस्टरवर आपला कार्यक्रम पाहुणा असतो. मंगल कार्यालयात तुम्ही घरून चांगली भांडी नेलीत, तरी तिथला आचारी आधी कार्यालयाची भांडी काढतो, तसं स्पार्क आधी स्वतःच्या लायब्रऱ्या पाहतं. तिथं जुनी ग्वावा सापडली. शोध संपला. लॅपटॉपवर मात्र सगळ्या लायब्रऱ्यांची एकच यादी तयार होऊन एकच ग्वावा, तीही नवी, निवडली गेली होती. त्यामुळे तिथं सगळं सुरळीत.

मग जुन्या ग्वावात नव्हतं ते काय? हा भाग मला आजही मोठा शिकवणारा वाटतो. ग्वावामध्ये एक साधी तपासणी आहे. एखादी अट पाळली गेली नसेल तर ठरलेला संदेश देऊन काम थांबवायचं. या तपासणीला पूर्वी तीन गोष्टी द्याव्या लागत: अट, संदेश, आणि संदेशात भरायच्या वस्तूंची एक पिशवी. वस्तू एकच असली तरी पिशवीत घालूनच द्यायची. दर वेळी पिशवी शिवायची म्हणजे वेळ आणि जागा दोन्ही वाया. म्हणून २०१६ साली आलेल्या २०व्या आवृत्तीत कर्त्यांनी वेगळ्या खिडक्या उघडल्या. एकच वस्तू असेल तर ती हातातच द्या, पिशवी नको. जुनी खिडकीही त्यांनी बंद केली नाही. कुणाचं काही मोडू नये याची इतकी काळजी घेतली होती.

तरीही मोडलं. कारण प्रोग्रॅम लिहिणारा फक्त 'तपासा' असं लिहितो. कोणत्या खिडकीवर जायचं, हे तो लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवताना ठरतं आणि तसंच कायमचं कोरलं जातं. आमची नवी लायब्ररी नव्या ग्वावासमोर ठेवून तयार झाली होती, म्हणून तिच्यात 'एक वस्तू हातात' ही खिडकी कोरली गेली. क्लस्टरवरच्या २०१३ सालच्या ग्वावात ती खिडकीच नव्हती. मूळ मजकुरातलं एक अक्षर न बदलताही कार्यक्रम मोडू शकतो, तो असा.

आणि हे तीन तासांनीच का कळलं? कारण जावा प्रत्येक पत्ता आधी तपासून ठेवत नाही. ज्या क्षणी एखादी मेथड प्रथम लागते, त्या क्षणी ती तिला शोधते. आमच्याकडे ती लागली निकाल लिहिताना, सगळा हिशेब झाल्यावर.

"मग नवीच ग्वावा सगळीकडे बसवा की," असं कुणीही म्हणेल. मीही म्हणाले होते. पण उलट बाजूनंही हाच घोटाळा होतो. ग्वावात 'स्टॉपवॉच' नावाचं वेळ मोजायचं साधन आहे. पूर्वी ते कुणालाही थेट तयार करता यायचं. १७व्या आवृत्तीपासून तो दरवाजा बाहेरच्यांसाठी बंद झाला आणि दुसऱ्या दारानं यायला सांगितलं गेलं. हडूपच्या जुन्या आवृत्त्या पहिल्याच दारानं जात होत्या. त्यांच्यासमोर नवी ग्वावा ठेवली की दार बंद असल्याची तक्रार करत त्या कोसळायच्या. क्लस्टरवर इतरांचेही कार्यक्रम चालत होते. आमच्यासाठी ग्वावा बदलून त्यांचं काय झालं असतं, हे सांगणं अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा फोन आला. ती त्याच संघाला दूध घालते. दोन म्हशी आहेत तिच्या. "अगं, फरक काय जमा झाला न्हाई अजून. डेअरीवाला म्हणतोय, पुण्याहून याद्याच आल्या न्हाईत. तुमच्या पुण्यात झालंय तरी काय?" पेंडवाल्याची उधारी फरकावर भागवायची होती, नातवंडांचे कपडे आणायचे होते. मी काय सांगणार? ग्वावाची खिडकी?

त्या सकाळी मी घाईत एक चूक आणखी केली. स्पार्कमध्ये अशी सोय आहे, की 'पाहुण्याच्या लायब्रऱ्या आधी पाहा' असं सांगता येतं. ती प्रायोगिक आहे, असं स्पार्कच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. तरी मी ती लावली. ग्वावाची तक्रार गेली आणि दुसरीच आली. तिचा अर्थ असा होता, की अमुक प्रकारची वस्तू अमुक प्रकारची मानता येत नाही. दोन्हीकडे नाव एकच! वेड लागायची पाळी. कारण असं, की आमच्या फॅट जारमध्ये क्लस्टरच्याच काही लायब्रऱ्यांच्या प्रती चुकून बांधल्या गेल्या होत्या. एक प्रत आमच्या गठ्ठ्यातून आली, दुसरी क्लस्टरच्या. जावाच्या लेखी वेगवेगळ्या वाटांनी आत आलेल्या एकाच नावाच्या वस्तू वेगळ्या. दोन्ही बाळू आता एकाच खोलीत होते आणि खरा कोण यावर भांडत होते.

मग मात्र आम्ही शांतपणे बसलो आणि आधी करायला हवं होतं ते केलं. पहिलं काम, कोण कुणाला घेऊन आलं याची वंशावळ काढणं. 'मेव्हन' नावाचं जे अवजार लायब्रऱ्या गोळा करतं, ते ही वंशावळ झाडासारखी छापून देतं. मेव्हनचा नियमही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या मागितल्या गेल्या, तर ते जवळच्या नात्याची निवडतं. नातं सारखंच असेल तर यादीत आधी लिहिलेली. 'ग्रेडल' हे दुसरं अवजार नेहमीच्या रीतीत सर्वांत नवी आवृत्ती घेतं. म्हणजे तेच सामान, पण अवजार बदललं की निवड बदलते. दुसरं काम, कोणती वस्तू प्रत्यक्षात कुठल्या फाइलमधून उचलली गेली, हे जावालाच छापायला लावणं. तशी सोय जावात पूर्वीपासून आहे. अर्ध्या तासात उत्तर समोर आलं. ग्वावा आली होती ती स्पार्कच्या फडताळातून, आमच्या डब्यातून नव्हे.

उपाय दोन पायऱ्यांचा होता. जे सामान क्लस्टरवर आहेच, ते आमच्या गठ्ठ्यातून काढून टाकलं. मेव्हनला 'हे तिथं मिळणार आहे, बांधू नकोस' असं सांगता येतं. आणि ग्वावाचं आम्ही नाव बदललं. याला 'शेडिंग' म्हणतात. गठ्ठा बांधतानाच एक अवजार ग्वावातल्या प्रत्येक वस्तूच्या नावाआधी आपलं आडनाव लावतं आणि आपल्या गठ्ठ्यात जिथंजिथं तिचा उल्लेख आहे, तिथंही तोच बदल करतं. मग स्पार्कची ग्वावा वेगळी, आमची वेगळी. पोस्टमन गोंधळायचं कारणच उरत नाही. हा आमचा शोध नव्हे. खुद्द हडूपनं २०१७ च्या डिसेंबरात आलेल्या तिसऱ्या पिढीपासून बाहेरच्या कार्यक्रमांसाठी अशाच नावं बदललेल्या प्रती द्यायला सुरुवात केली, कारण त्याच्या लायब्रऱ्यांचा सगळ्यांना त्रास होत होता.

या वेळी खरा हिशेब सोडण्याआधी दहा नोंदींचा खोटा हिशेब त्याच क्लस्टरवर, निकाल लिहिण्यापर्यंत चालवला. तीन मिनिटं लागली. ती तीन मिनिटं आठवडाभर आधी दिली असती, तर दोन रात्री वाचल्या असत्या. पहाटे याद्या गेल्या.

शेडिंग हा रामबाण नाही, हेही सांगायला हवं. गठ्ठा जड होतो. शिवाय काही कार्यक्रम चालता चालता वस्तूचं नाव जुळवून तिला हाक मारतात. ती नावं अवजाराच्या नजरेतून सुटतात आणि मग हाकेला कुणी ओ देत नाही. सगळ्यात मोठा धोका म्हणजे नाव बदललेली प्रत विसरली जाते. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग फोर जे' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत एक भयंकर भगदाड उघडकीला आलं. बाहेरचा माणूस त्यातून यंत्राचा ताबा घेऊ शकत होता. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा गुण होते. दुरुस्ती म्हणून २.१५.० आली, ती अपुरी ठरली, मग २.१६.०, मग २.१७.०, आणि महिना संपण्याआधी २.१७.१. त्या दिवसांत आमच्यासारख्या सगळ्यांपुढं एकच प्रश्न होता: ही लायब्ररी आपल्याकडे नक्की कुठंकुठं आहे? दुसऱ्या गठ्ठ्यांच्या पोटात दडलेल्या प्रती शोधताना अनेकांची दमछाक झाली.

म्हणून जुनी आवृत्ती चालतेय तर चालू द्या, हे धोरण चालत नाही. आणि नवी आली की लगेच बसवा, हेही नाही. लहान लहान टप्प्यांनी, ठरलेल्या वेळी आवृत्त्या पुढं न्यायच्या, आणि दिवाळीच्या आठवड्यात कशालाही हात लावायचा नाही. आमच्या गटात आता हा नियम भिंतीवर लिहिलेला आहे.

तुमच्यापैकी कुणी पतसंस्था, कारखाना, शाळा चालवत असतील आणि बाहेरून सॉफ्टवेअर करून घेत असतील, तर त्यांनी करणाऱ्याला तीन प्रश्न जरूर विचारावेत. यात वापरलेल्या लायब्रऱ्यांची आवृत्तीसकट यादी आहे का? ती वेळोवेळी कोण तपासतं? आणि बदल केल्यावर तो खऱ्या यंत्रावर शेवटपर्यंत चालवून पाहता का? या प्रश्नांची उत्तरं समजायला संगणकतज्ज्ञ असावं लागत नाही. उत्तर देताना समोरचा अडखळला, तरी पुष्कळ काही कळतं.

दिवाळीला गावी गेले तेव्हा आत्यानं विचारलंच, नक्की काय बिघडलं होतं. मी तिला पोस्टमनच्या भाषेत सगळं सांगितलं. तिनं चहा गाळता गाळता ऐकलं आणि म्हणाली, "मग त्यात काय एवढं? आम्ही तर पहिल्यापासनं वरचा बाळू आणि खालचा बाळूच म्हणतोय."

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)